तपासणीचं पाणी

लंकेतल्या आमच्या तलकोळवेव गावातून लोकांनी आजवर काय काय नेलंय, ते ऐकलंत तर हसाल. रक्त नेलं, लघवी नेली, नखं नेली, केस नेले. शेतातली माती नेली, तळ्यातले मासे नेले, मडक्यातला शिजलेला भातसुद्धा नेला. एकदा एक गोरा साहेब येऊन आमचा घाम घेऊन गेला. भर दुपारी पुरुषांना बांधावर उभं केलं, पाठीला कसल्याशा पट्ट्या चिकटवल्या आणि संध्याकाळी त्या सोलून डब्यात भरल्या. त्याच्यामागून समाजशास्त्राच्या मुली आल्या. त्यांनी नेलं काही नाही, नुसतं विचारलं. "घरात आजारी माणूस असलं की तुम्हाला कसं वाटतं?" मी म्हटलं, "मजा वाटते, बाई. रोज नवी साडी नेसून बसते मी त्याच्या उशाशी." तिनं तेही लिहून घेतलं.

रागावू नका. वैताग येतो हो माणसाला. आमच्या भागातली माणसं किडनीनं जातात. ना दारू, ना साखर, ना रक्तदाब. चाळिशी-पन्नाशीतली, शेतात राबणारी धडधाकट माणसं. आधी पाय सुजतात, मग तोंडाची चव जाते, मग अनुराधपुरला रक्त धुणाऱ्या मशीनवर जाणं सुरू होतं आणि एक दिवस त्या घरासमोर मयताची पांढरी तोरणं लागतात. का होतं, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. एक म्हणतो विहिरीचं पाणी, दुसरा म्हणतो खतं-औषधं, तिसरा म्हणतो ऊन. सगळे शिकलेले आणि तसे सगळे भले. त्यांचं आपसातलं भांडण मिटेपर्यंत आम्ही आपले बाटल्या भरून देत बसतो.

मी करुणावती. वळणावर माझं चहाचं दुकान आहे. कोलंबोहून येणारी गाडी आधी माझ्या दारात थांबते. काच खाली होते आणि एकच प्रश्न येतो, "रनमेणिकेंचं घर कुठलं?" मी हात लांब करते. इतकी वर्षं हात लांब करतेय, की आता मान न वळवताही तो बरोबर त्या दिशेला जातो.

सगळे तिच्याकडेच का जातात, तर पहिला डॉक्टर गावात आला तेव्हा कुणी दार उघडलं नव्हतं. ज्या घरात किडनी निघते त्या घरातल्या पोरीला स्थळ येत नाही. लोक खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, घरात कुणी नाही. रनमेणिके अक्काचा नवरा मुदियन्से तेव्हा नुकताच गेला होता. तिनं फाटक उघडलं आणि म्हणाली, "माझ्या घरी लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही, साहेब. या आत." बस, तेव्हापासून ते घर सगळ्या संशोधकांचं झालं. एक चमू जाताना पुढच्याला तिचा फोन नंबर देऊन जायचा. ती त्यांना घरोघर फिरवायची, लोकांच्या विनवण्या करायची. "दे गं थोडं रक्त, दोन दिवसांत भरून येतं. दे रे बाबा, बाटलीत करायला लाज कसली, तुझ्या आईनं तुझी दुपटी धुतलीच होती ना?" आणि दुपारी ह्या सगळ्यांसाठी चुलीवर भात, डाळ, फणसाची भाजी. पैसे कुणी देऊ केले तर हात मागे घ्यायची.

मी म्हणायचे, "अक्का, हे तुझे कोण लागतात?"

ती ओट्यावर पाय पसरून बसायची, गुडघे दाबायची. "कोणी नाही लागत गं. पण ह्यातलं एखादं शहाणं निघालं आणि त्याला सापडलं काही, तर?"

तिचा हा 'तर' म्हणजे जयतिस्स. तिचा एकुलता मुलगा. तिशीतला, लाजाळू, लोकांच्या शेतात हातट्रॅक्टर चालवायचा. गावात तपासणीचं शिबिर झालं त्यात त्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे. प्यायचं पाणी बदला. दुपारच्या उन्हात राबू नका. अंग दुखतं म्हणून गोळ्या गिळू नका. सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं निघतील." अक्कानं त्यातलं पाण्याचं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

पाणी बदलायचं म्हणजे काय, तर जंगलापलीकडच्या वीरगम गावात पाणी गाळायचं यंत्र आहे, तिथून आणायचं. सकाळी रानटी हत्ती रस्त्यावरून जंगलात गेले की अक्का निघायची. सायकल घेऊन, पण सायकलवर बसून नव्हे. तिला चालवता कुठे येत होती! हँडलला दोन्हीकडे कॅन लटकवायचे, मागच्या कॅरिअरवर तिसरा बांधायचा आणि सायकल ढकलत जायचं, ढकलत यायचं. येताना घामानं न्हालेली असायची. जयतिस्स म्हणायचा, "अम्मा, मी आणतो ना." ही म्हणायची, "डॉक्टर काय म्हणाले? उन्हात नको. गप बस." मग माझ्या दुकानात टेकायची, माझा साधा चहा गुळाच्या खड्याबरोबर प्यायची आणि उठताना भिंतीचा आधार घ्यायची. पाय सुजलेले असायचे. मी विचारलं तर म्हणायची, "सायकलीनं सुजतात."

अशात तरुषी आली. कोलंबोच्या कुठल्याशा विद्यापीठातली मुलगी, चष्मा, डोक्यावर टोपी, पाठीवर भली मोठी पिशवी. बाकीच्यांपेक्षा ही वेगळी, कारण हिच्याकडे फक्त प्रश्न नव्हते. तीन गावांचं पाणी वर्षभर तपासायचं आणि ज्या गावाचं पाणी सगळ्यात खराब निघेल तिथे एक यंत्र बसवायचं, असं ठरलं होतं. यंत्र एकच होतं. परदेशातल्या कुणी दिलेलं.

अक्काला हे कळलं त्या दिवशी ती दुकानात आली तीच हसत. "करुणा, आपलंच पाणी सगळ्यात वाईट आहे ना गं?"

"आपल्यासारखं घाण पाणी साऱ्या लंकेत नसेल," मी म्हटलं. "माझी किटली बघ. आठवडाभरात आत बोटभर चुना धरतो. हातोडीनं फोडते मी."

"मग झालं तर. यंत्र आलं ना, की ही सायकल मी भंगारवाल्याला फुकट देणार."

तरुषी मोठी काटेकोर पोरगी. पाणी कुठून घ्यायचं, ह्यावरही त्यांच्यात म्हणे बैठका झाल्या होत्या. तिच्या प्रोफेसरांचं म्हणणं, माणूस विहीर पीत नाही, मडकं पितो. विहिरीचं पाणी घरी आणून कुणी उकळतं, कुणी गाळतं, कुणी चार दिवस साठवतं. तेव्हा खरं मोजायचं तर घरातल्या माणसांच्या ओठाला लागतं तेच पाणी मोजायला हवं. ऐकायला किती बरोबर! मलाही तेव्हा बरोबरच वाटलं. गावातली पाच घरं ठरली, त्यातलं एक अक्काचं. दर ऋतूत एकदा तरुषी यायची आणि प्रत्येक घरी म्हणायची, "अम्मा, तुमच्या घरातलं प्यायचं पाणी एवढी बाटलीभर द्याल?" अक्का तिला मुलीला म्हणतात तसं 'दुवे' म्हणायची. "देते की, दुवे. आधी बस. घाम पूस."

वर्ष सरलं. निकाल सांगायला प्रोफेसर स्वतः आले. विहारातल्या सभागृहात सगळा गाव जमला, आम्ही त्यांच्या हातात रीतीप्रमाणे विड्याची पानं दिली, थोरल्या भिक्खूंनी आशीर्वाद दिला. अक्का पहिल्या रांगेत चटईवर बसली होती. पांढरी साडी नेसून, केस तेल लावून चापूनचोपून. जयतिस्स दाराशी उभा होता.

प्रोफेसर म्हणाले, "आनंदाची बातमी आहे. तिन्ही गावांत तलकोळवेवचं पाणी सगळ्यात चांगलं निघालं. तुमचं अभिनंदन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब काही बोलून थांबले की टाळ्या वाजवायची सवयच लागलीय आम्हाला. मग कुठून तरी मागून आवाज आला, "आणि यंत्र?"

"यंत्र कोरसगम गावाला जाईल. तिथे गरज जास्त आहे."

मी अक्काकडे बघितलं. ती अजून हसतच होती. तिच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. मग तिनं मागे वळून जयतिस्सकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मी दुकानात आले आणि अंगाचा तिळपापड झाला माझा. किटली उचलली, आत बघितलं, पांढरा चुना तसाच होता. म्हटलं, ह्या किटलीला कुणी सांगितलं नाही वाटतं आमचं पाणी चांगलं आहे ते! तशीच किटली हातात घेऊन अक्काच्या घरी गेले. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"अक्का, खरं सांग. त्या पोरीला तू पाणी कुठलं दिलंस?"

"प्यायचं."

"विहिरीचं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला चपला घालून विहारात जायला सांगितलं होतं. "पाहुण्याच्या हातात ते किवुल पाणी देऊ? कोलंबोहून उन्हातान्हात आलेल्या पोरीच्या हातात? तू देशील?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे घरात मडकी दोन असतात. एक आत, चुलीजवळ, आपलं. विहिरीचं पाणी, खारट, जड, ज्याला आम्ही किवुल म्हणतो, ते त्यात. दुसरं बाहेर ओसरीवर, घडवंचीवर, झाकलेलं, वर स्वच्छ पेला उपडा घातलेला. ते भिक्खूंसाठी आणि पाहुण्यांसाठी. त्यातलं पाणी गोडच असायला हवं. पूर्वी आम्ही ते बांधाखालच्या झऱ्यावरून आणायचो. झरा आटला, तेव्हापासून ज्याला जमेल तो वीरगमहून आणतो. घरचं माणूस त्या मडक्याला हात लावत नाही. पाहुण्याला आतल्या मडक्यातलं पाणी देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

"अगं पण ती पिणार नव्हती!" मी ओरडले. "ती तपासणार होती!"

"तपासू दे की. हातात तर मीच देत होते ना? ती म्हणाली, प्यायचं पाणी द्या. मी प्यायला देतात ते दिलं."

"आणि बाकीच्या चार घरांनी?"

अक्का राख उकरत बसली काटकीनं.

"अक्का, मी विचारतेय. बाकीच्या चार घरांनी कुठलं दिलं?"

"त्यांच्या मडक्यांत चांगलं पाणी नव्हतंच," ती हळू म्हणाली. "गुणावतीच्या घरी तर मडकंच फुटलेलं. दर वेळी आदल्या दिवशी मी एक खेप जास्त केली. त्या सगळ्यांच्या ओसरीवर भरून ठेवलं. म्हटलं, बाहेरची माणसं येतात, गावाची लाज जायला नको."

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर बिचारीनं वीरगमचं गाळलेलं पाणी सायकलवरून ढकलत आणलं, पाच घरी वाटलं, आणि तरुषीनं ते बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून, कोलंबोला नेऊन तपासलं. चांगलंच निघणार! यंत्रातून निघालेलंच पाणी ते!

माझ्या तोंडाकडे बघता बघता अक्काला उमगलं. काटकी तिच्या हातातून पडली.

"करुणा, म्हणजे यंत्र माझ्यामुळे गेलं?"

माझी जीभ गावात प्रसिद्ध आहे. नको तिथे चालते. पण त्या दिवशी मी हातातली किटली नुसती खाली ठेवली.

"जयतिस्सचं यंत्र मी घालवलं," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिचा हात धरून ठेवला. एवढंच मला करता आलं.

दुसऱ्या दिवशी मी तरुषीला फोन केला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "बाई, एवढी मोठी शिकलीस, एकदा वाकून दोर ओढला असतास विहिरीचा तर काय कंबर मोडली असती?"  मग ती म्हणाली, "नेंदा, मी येते." नेंदा म्हणजे आत्या. पोरीला रीतभात होती, ते मी नाकारत नाही.

गाडी नाही, प्रोफेसर नाहीत, एकटीच बसनं आली. सगळ्या विहिरींवर स्वतः गेली, स्वतः दोर ओढला, तळव्यांना फोड आले तरी. पंधरवड्यानं पुन्हा आली आणि माझ्या दुकानातल्या बाकावर बसून रडली. आमच्या विहिरींचं पाणी तिन्ही गावांत सगळ्यात वाईट होतं.

"मग आण ते यंत्र परत!" मी म्हटलं.

"पाया घातला गेलाय तिथे, नेंदा. आणि कोरसगमचंही पाणी खराबच आहे. तिथल्या बायांसमोरून मी कसं उचलून आणू?"

ह्यावर काय बोलणार? कोरसगममध्येही कुणाचा तरी जयतिस्स असणारच. तेवढ्यात अक्का आली. तरुषीला रडताना बघून तिनं माझ्याकडे डोळे वटारले, मीच काही बोलले असेन म्हणून. मग आत जाऊन स्वतः चहा केला.

"चूक माझी आहे, अम्मा," तरुषी म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

"तू पाहुणी, दुवे. तू काय विचारणार? घे, गूळ तोंडात धर. पुढचं यंत्र येईल ना?"

"येईल. मी आणीन. पण वेळ लागेल."

"लागू दे," अक्का म्हणाली, आणि सायकल घेऊन वीरगमच्या वाटेला लागली.

वेळ लागला. अर्जाला उत्तर येईना, तरुषी चकरा मारी, प्रोफेसर ह्याला त्याला भेटत. इकडे कापणी आली. जयतिस्सला कुणी किती सांगितलं तरी हातट्रॅक्टर घरी ठेवून पोट कसं भरायचं? तो उन्हात गेला, ज्याच्या शेतात गेला त्याच्या विहिरीचं प्यायला. घरी आईनं कॅनमधून आणलेलं आणि दिवसभर बाहेर ते. पावसाळा संपता संपता त्याचे पाय सुजले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आता मशीनवर घालावं लागेल. आणि घरातलं कुणी किडनी देणारं असेल तर लवकर बघा.

खोटं कशाला सांगू, ते ऐकून अक्का दहा वर्षांनी लहान झाली. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "देवानं दोन दिल्यात ना? एक मला पुरे. सायकल ढकलायला किडनी थोडीच लागते!" जयतिस्स मात्र ऐकेना. "नको अम्मा, तुझ्या अंगावर चाकू नको."

"गप रे. नऊ महिने सगळं माझंच घेत होतास, तेव्हा नाही लाज वाटली ती?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मोठ्या इस्पितळात तारीख मिळवून दिली तरुषीनंच. आम्ही चौघं गेलो. अक्काचं रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटावर गार मलम लावून आत बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ती हेच दुसऱ्यांना समजावत आली होती. नर्सलाच म्हणाली, "घाबरू नका, बाई, माझी शीर सापडते पटकन." निकालाच्या दिवशी जयतिस्स मशीनवर होता, म्हणून डॉक्टरांसमोर आम्ही तिघी बसलो.

डॉक्टर म्हणाले, "अम्मांची किडनी घेता येणार नाही."

"वयामुळे का?" मी विचारलं.

"वयामुळे नाही. त्यांच्या किडन्या मुलाच्या किडन्यांपेक्षा जास्त गेल्यात. त्यांनाही मशीन सुरू करावं लागेल, ह्याच आठवड्यात. इतकी वर्षं कुणी तपासलं नाही ह्यांना?"

अक्का त्यांच्याकडे नुसती बघत होती. "पण मला काही होत नाही, साहेब."

तरुषीचा चेहरा पांढरा पडला. "आम्ही सगळं गाव तपासलं होतं. सगळ्या संस्थांनी तपासलं. अम्मा, तुमचं रक्त कुणीच कसं घेतलं नाही?"

मग माझ्यानं राहवलं नाही. "कसं घेणार? तुम्ही ओसरीत रक्त काढत होतात, तेव्हा ती मागे तुमच्यासाठी भात शिजवत होती! प्रत्येकाला वाटलं, ही गावातली नव्हे, आपल्यातली." मी डॉक्टरांकडे वळले. "आता एक सांगा. पाण्यानं झालं ना हे? मुलाला कॅनमधलं पाजलं आणि स्वतः विहिरीचं प्यायली म्हणून?"

"निश्चित सांगता येत नाही," ते म्हणाले. "पाणी असू शकतं. इतरही कारणं असू शकतात."

"मग कधी सांगता येणार? गाव रिकामं झाल्यावर?"

"ओरडू नकोस, करुणा," अक्का म्हणाली. "त्यांना माहीत नसेल तर ते कुठून सांगणार?" मग तिनं पदर सावरला आणि डॉक्टरांना तिचा एकच प्रश्न विचारला. "साहेब, मग माझ्या मुलाला कोण देणार?"



जयतिस्सला आम्ही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, रक्त जुळलं नाही म्हणायचं. पण पोरगा वेडा नव्हता. आमची तोंडं बघून त्यानं ओळखलं. बाहेरच्या लांबलचक बाकावर आईशेजारी बसला आणि म्हणाला, "अम्मा, तू घरात कुठलं पाणी पीत होतीस?"

"तहान लागली की कोण बघतं कुठलं ते?"

"अम्मा."

"अरे, विहिरीचं. अख्खा गाव पितो. मी काय वेगळी?"

त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, त्याच्याच हाताला पट्टी बांधलेली होती. असे ते दोघं बसून राहिले आणि मी आणि तरुषी दाराशी उभ्या राहिलो. आयुष्यात मला इतका कंटाळा कधी आला नव्हता. कशाचा, ते नाही सांगता येत. सगळ्याचाच.

तेव्हापासून आई आणि मुलगा एकाच बसनं शहराला जातात. शेजारशेजारच्या खाटा, दोन मशीनं. तिथली नर्स म्हणते, अक्का आली की बाकीचे रोगी तिला विचारतात, सुई कशी घालून घ्यायची, जेवण काय करायचं. सगळ्यांना समजावते. एक मात्र तिला फार जड जातं. मशीनवरच्या माणसाचं शरीर पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून प्यायचं मोजून. दिवसाला ठरलेली लहान बाटली, त्यातच चहा, त्यातच डाळीचं पाणी, त्यातच औषध. ती संपली की घसा कितीही सुको, उद्यापर्यंत थेंब नाही. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसते तेव्हा मी तिच्यासमोर किटली ठेवत नाही. पाठीमागे ठेवते.

यंत्र आलं ते ह्या वैशाखात. तरुषीनं शब्द पाळला. माझ्या दुकानासमोरच खोली बांधली, निळी टाकी, चार नळ. भिक्खूंनी पाठ म्हटला, बायांनी दूधभात केला, प्रोफेसर आले, ह्या वेळी त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही, हात जोडून उभे राहिले. अक्का आणि जयतिस्स दुपारीच शहराहून परतले होते, थकलेले, तरी दोघं आले. माझ्या दुकानातली खुर्ची मी अक्काला बाहेर काढून दिली.

नळ सुरू झाला तशी सगळ्यांनी 'साधू, साधू' म्हटलं. तरुषीनं पहिला पेला भरला. आमच्या रीतीनं दोन्ही हातांत धरून ती अक्कापुढे आली आणि वाकली. "अम्मा, पहिला तुमचा."

सगळा गाव बघत होता. अक्कानं दोन्ही हातांनी पेला घेतला. उन्हाकडे धरून आत बघितलं. पाणी किती स्वच्छ होतं ते!

"छान आहे गं, दुवे," ती म्हणाली. "पण माझं आजचं पिऊन झालंय."

तिनं पेला जयतिस्सकडे केला. त्यानं मान हलवली. त्याचंही झालं होतं. तरुषीला आता कुठे ध्यानात आलं, आणि तिचे हात तिथेच लटकत राहिले. परत घ्यावा की नाही तेही तिला कळेना. अक्का पेला धरून बसलेली, पाणी सांडायला लागलं होतं.

"सांडेल गं, करुणा," ती म्हणाली. "घे तू."

मी तिच्या हातातून पेला घेतला आणि तिथेच, तिच्यासमोर उभी राहून प्यायले. पाणी गोड होतं.